हद्द सांगा

मला तिचा राग येतो, असं मी बरेच दिवस लोकांना सांगत होतो. ते खोटं होतं. मला तिचा हेवा वाटायचा. राग सभेत बोलून दाखवता येतो, त्याला टाळ्याही पडतात. हेव्याला कोणी टाळ्या देत नाही, म्हणून मी त्याला राग म्हणायचो. आता सरळ लिहितो: प्रोग्रॅममधला जो क्लास तिनं चाळीस ओळींत लिहिला तो मला चारशे ओळींतही जमला नव्हता, आणि हे मला पचत नव्हतं.

ती कंधारची, मी उदगीरचा. दोघंही नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. दुष्काळाचं वर्ष होतं. धरणाच्या भिंतीवर पाण्याच्या जुन्या रेघा एकाखाली एक दिसत होत्या, आणि सगळ्यात खालच्या रेघेच्याही खाली चिखल होता. होस्टेलला माणशी दोन बादल्या. लातूरला तर रेल्वेनं पाणी येत होतं, आणि साऱ्या देशाचे कॅमेरे त्या वाघिणींपुढं उभे होते. आमच्या उदगीरकडं कोणी ढुंकून बघत नव्हतं. तहानेतसुद्धा लातूर पुढं. याचाही मला हेवा वाटायचा, आणि यात मी एकटा नव्हतो. उदगीरमधल्या निम्म्या माणसांना लातूरचा हेवा वाटतो. फरक एवढाच की आम्ही त्याला चळवळ म्हणतो. लातूर स्वतः कधीकाळी नवा जिल्हा म्हणून वेगळं निघालं. मग उदगीरनं काय घोडं मारलंय?

माझे काका वेगळ्या उदगीर जिल्ह्याची ही मागणी लावून धरणाऱ्यांतले. त्यांचा उदगीरला छोटा छापखाना. लग्नपत्रिका, दशपिंडाची कार्डं आणि जिल्हा मागणीची पत्रकं, सगळं एकाच मशीनवर. मी तिथंच प्रुफं वाचत मोठा झालो. काकांचा नियम होता: पत्रकात मागण्या कितीही असू देत, शेवटी ‘अन्यथा’ पाहिजे. अन्यथा रास्ता रोको, अन्यथा बेमुदत धरणं. ‘अन्यथा’ नसलेलं पत्रक म्हणजे नुसता निबंध.

तर कॉलेजात आमच्या सरांचं एक जुनं काम चालू होतं. जमिनीचा नकाशा घ्यायचा, त्यावर कॉम्प्युटरमध्ये चौकोनांची जाळी टाकायची. प्रत्येक चौकोनाला त्याची उंची, त्याची माती. मग एक प्रोग्रॅम त्यावर पाऊस पाडतो, दुसरा पाणी मुरवतो, तिसरा उरलेलं पाणी उतारानं शेजारच्या चौकोनात ढकलतो. या एकेका प्रोग्रॅमला सर घटक म्हणायचे. दर बॅचनं एक-दोन घटक लिहून ठेवले होते आणि त्यातले कुठलेही दोन एकमेकांशी बोलत नव्हते. एकाचं पाणी मिलिमीटरमध्ये, दुसऱ्याचं मीटरमध्ये. एकानं पावसाच्या खात्याला ‘पाऊस’ नाव दिलं होतं, दुसऱ्यानं नुसतं ‘पी’, आणि एका पठ्ठ्यानं त्याच्या होणाऱ्या बायकोचं.

सर म्हणाले, यावर एक बेस क्लास पाहिजे. बेस क्लास म्हणजे ज्याच्या पोटी बाकीचे सगळे घटक जन्माला येतात; त्याच्या रीतीभाती लेकरांना पाळाव्याच लागतात. तुम्ही दोघं आठवडाभरात एकेक लिहा, त्यातला एक ठेवू. आणि जाता जाता म्हणाले, ज्याचा क्लास राहील त्याच्यावर पुढच्या सगळ्या बॅचा उभ्या राहतील, फाईलीच्या डोक्यावर त्याचं नाव राहील.

सरांनी हे सहज म्हटलं असेल. माझ्या डोक्यातून ते गेलं नाही. पत्रकाखाली नाव असतं ते काकांचं. मजकूर माझा असतो. नाव राहील अशी जागा मला तोवर कोणी देऊ केली नव्हती.

मी जीव तोडून लिहिलं. माझ्या क्लासच्या पोटी येणाऱ्या प्रत्येक घटकानं सगळं सांगितलं पाहिजे असं ठरवलं: पाऊस, माती, पीक, विहिरी, तालुका, जिल्हा. एक जरी रकाना रिकामा राहिला तरी प्रोग्रॅम बंद. प्रत्येक अटीला एक ‘अन्यथा’. सरांनी चहा पिता पिता वाचलं, चहा संपला तरी वाचत राहिले.

“जमिनीचा उतार काढणाऱ्या घटकाला तू पिकाचं नाव कशाला विचारून राहिला?” ते म्हणाले.

मी म्हणालो, “सर, माहिती पूर्ण पाहिजे.”

“अरे बाबा, हा बेस क्लास न्हाई, जाहीरनामा हाय. याच्या पोटी लेकरू जन्माला यायचं म्हणलं तर ते पोटातच म्हातारं होईल.”

ती शेजारीच उभी होती. हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

तिचे वडील कंधारच्या बसस्टँडवर कंट्रोलर होते. लहानपणी शाळा सुटली की ती त्यांच्या खिडकीमागं बसून अभ्यास करायची. आपला क्लास समजावून सांगताना तिनं फळ्यावर आकृती काढली नाही, त्या खिडकीचीच गोष्ट सांगितली. गाडी साधी असो, निमआराम असो, जवळची असो नाहीतर पार हैदराबादची. खिडकीपाशी विचारायचं एवढंच: कुठून आली, कुठं चालली, किती वाजता सुटली. आत कोण बसलंय, कुणाच्या पिशवीत काय आहे, हे कंट्रोलर विचारत नाही. विचारत बसला तर एकही गाडी सुटायची नाही.

तिचा क्लासही तसाच. घटकानं सांगायचं की तो जाळीवरून काय घेतो आणि कुठल्या मापात, जाळीवर काय ठेवतो आणि कुठल्या मापात, आणि एक पाऊल पुढं कसा जातो. मधलं सगळं त्याचं त्यानं बघावं. सुरू होण्याआधी क्लास फक्त पडताळतो की जे घ्यायचं म्हणतोय ते जाळीवर आहे का, आणि माप जुळतं का. झालं. एवढंच. आणि एक शेवटची अट: जाळीच्या कडेचे चौकोन उघडे की बंद, म्हणजे कडेला आलेलं पाणी बाहेर जातं की अडतं, हे सांगितल्याशिवाय कुठलाही घटक हलणार नाही.

त्या अटीतला शब्द माझा होता. त्याच आठवड्यात ती मला विचारायला आली होती, “ओ पुढारी, या कडेला मराठीत काय म्हणायचं? सीमा म्हणलं की मला बंदूकवाले जवानच दिसतात.” पुढारी हे नाव तिनंच मला पाडलं होतं आणि सगळ्या वर्गानं उचललं होतं. मी म्हणालो, हद्द म्हण. शेताची हद्द असते, गावाची असते, ठाण्याची असते. आपल्याकडं निजामाच्या काळापासून कागदावर हाच शब्द आहे. तिनं तिथल्या तिथं लिहून घेतला. आता तो शब्द तिच्या क्लासमध्ये बसला होता आणि मी बाहेर होतो.

सरांनी तिचा क्लास ठेवला. मी दोन दिवस त्यातली चूक शोधत बसलो. प्रुफं वाचलेला माणूस, चूक सापडल्याशिवाय राहत नाही. सापडली. एका टिपणीत तिनं मिलिमीटर दीर्घ लिहिला होता, ‘मीलीमीटर’. मी पाच जणांच्या देखत सांगितलं. तिनं तो ऱ्हस्व केला आणि म्हणाली, “बरं झालं सांगितलंस.” त्यात टोमणा असता तर मला उत्तर सुचलं असतं.

सर मग तिला इतर वर्गांपुढं समजावून सांगायला घेऊन जायचे, खिडकीची गोष्ट पोरं एकमेकांना सांगायची. मला वाटायचं, माझ्याही काकांचा छापखाना आहे की. त्याची गोष्ट कोणी का ऐकून घेत नाही?

अशात काकांचा फोन आला. लातूरच्या पाण्याच्या गाडीनं सगळं लक्ष तिकडं गेलंय, आता आपण काहीतरी ठोस काढलं पाहिजे. “बापू,” ते म्हणाले, “तुमच्याकडं ते पाण्याचं नकाशाचं मशीन हाय न्हवं? आपल्या होणाऱ्या जिल्ह्याचा नकाशा काढ. आपल्यात पाणी किती हाय ते दिसू दे लोकायला.” मी हाव म्हणालो. मशीन नाही, प्रोग्रॅम आहे, हे सांगत बसलो नाही.

जाळी मी आमच्या मागणीतल्या जिल्ह्याच्या रेषेवर कापली. रेषेबाहेरचे चौकोन पुसून टाकले. मग तिच्या क्लासवर बसवलेला पाण्याचा घटक चालवायला घेतला आणि तो थांबला. पडद्यावर एक ओळ आली: ‘हद्द सांगितलेली नाही.’ बस्स. माझाच शब्द, आणि तोच मला अडवतोय.

तिला विचारायचं म्हणजे तिच्याकडं जायचं. ती समोरच्या टेबलावर बसली होती, सात-आठ पावलांवर. मी गेलो नाही. माझा जुना चारशे ओळींचा क्लास काढला. तो पीक विचारायचा, तालुका विचारायचा, सगळी चौकशी करायचा. पण कडेला पाणी काय करतं हे त्यानं कधी विचारलंच नव्हतं, कारण ते मलाच सुचलं नव्हतं. मी घटक त्याच्यावर बसवला, सगळे रकाने भरले. तो मुकाट्यानं चालला.

नकाशा आला तो देखणा होता. जिल्ह्याच्या पूर्वेच्या कडेला, कर्नाटकाच्या अंगानं, पाण्याचा निळा पट्टा. जिथं टँकरशिवाय घोट मिळत नाही तिथं निळं गडद पाणी. मी खुर्चीतून उठलो. मला खरंच वाटलं की आम्हाला हे आजवर कोणी दाखवलंच नव्हतं. एका बैठकीत मजकूर लिहिला: आपलं पाणी आपल्याच हद्दीत आहे, ते दाबून ठेवलं गेलं, जिल्हा द्या, अन्यथा. काकांनी नकाशासकट छापलं, आणि पत्रकं बसस्टँडवर, टँकरच्या रांगांत, बाजारात वाटली. मी सरांना दाखवलं नाही. तिला तर नाहीच. मनात असं होतं की तिच्या क्लासवर वर्ग टाळ्या देतो, माझ्या नकाशावर तालुके देतील.

तिचा डबा कंधारहून एसटीनं यायचा. आमच्याकडं ही रीतच आहे. घरचे डबा गाडीत ठेवतात, कंडक्टर नांदेडच्या स्टँडवर उतरवतो, पोरं जाऊन घेऊन येतात. एके दुपारी तिनं डबा उघडला आणि ज्वारीच्या भाकरी ज्या कागदात गुंडाळल्या होत्या तो सरळ करून बघत बसली. उदगीरहून कंधारला आलेल्या गाडीत कोणीतरी आमच्या पत्रकांचा गठ्ठा ठेवून गेलं होतं. तिच्या वडलांनी त्यातलाच एक घेतला होता.

ती कागद घेऊन माझ्या टेबलाशी आली. सर आत होते, तिनं त्यांना हाक मारली नाही. ते माझ्या तेव्हाच लक्षात आलं आणि तरी माझ्या मनात पहिलं आलं ते हे की आता ही सगळ्यांना सांगणार.

“कुठल्या क्लासवर चालवलंस?” तिनं विचारलं.

“माझ्या.”

“हद्द?”

“ती त्यानं विचारली नव्हती.”

तिनं तेल लागलेल्या बोटानं निळ्या पट्ट्यावरून रेघ ओढली. “पुढारी, हे पाणी न्हाई. उतार इकडं हाय, पाणी बाहेर चाललं होतं. तू बाहेर जमीनच ठेवली न्हाई, मग ते जाणार कुठं? तुझ्या रेषेला तटून बसलंय.” मग म्हणाली, “या गावातली माणसं हे बघून बोअर पाडतील रे.”

मी तिच्याशी वाद घातला. थोडा वेळ का होईना, घातला. म्हणालो, तुला आमचा जिल्हा नकोय, तू नांदेड जिल्ह्याची आहेस, तुम्हाला आयताच जिल्हा आहे. ती माझ्याच कॉम्प्युटरवर बसली, रेषेबाहेरचे चौकोन परत आणले, घटक तिच्या क्लासवर बसवला, हद्द उघडी सांगितली. नकाशा परत आला. निळा पट्टा नव्हता. कडेची गावं आमच्या बाकीच्या गावांसारखीच तांबूस, कोरडी.

मला त्या क्षणी लाज आधी वाटली असं लिहिलं तर ते चांगलं दिसेल. आधी वाटलं ते हे, की हिला हे एका नजरेत दिसलं कसं?

मग काकांना फोन केला. ते म्हणाले, पट्ट्यावरल्या एका गावानं खरंच बोअरची गाडी सांगितलीय, उद्या यायचीय. आवाजात आनंद होता. पत्रकानं काम केलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं निघालो आणि उदगीरहून जीपनं त्या गावात पोचलो. गाव इतकं कडेला की निम्मं बोलणं कानडीत. बोअरची गाडी अजून आली नव्हती. जागा आखून दगड ठेवला होता, त्याला कुंकू लावलं होतं, नारळ आणून ठेवला होता. कडुनिंबाखाली सात-आठ माणसं बसली होती. एकाच्या मांडीवर माझं पत्रक होतं, चौघडी घातलेलं.

मी सांगितलं, नकाशा चुकलाय. मीच काढलाय. इथं पाणी आहे असं त्या नकाशावरून म्हणता येत नाही. त्यांना जाळी, चौकोन, क्लास यातलं काही सांगत बसलो नाही. एवढंच सांगितलं की जिल्ह्याची रेष काढली आणि कॉम्प्युटरला वाटलं रेषेवर भिंत आहे.

एक म्हातारे, गळ्यात लिंग, डोक्याला पटका, बराच वेळ कागदाकडं बघत होते. मग म्हणाले, “म्हंजे रेष तुम्ही काढली, अन् नीर रेषेला तटलं?”

“हाव, आजोबा.”

“आन् रेष आमच्या गावाच्या अलीकडं काढली असती तर?”

“तर पाणी अलीकडच्या गावात दिसलं असतं.”

ते शेजाऱ्याला कानडीत काहीतरी म्हणाले आणि सगळी माणसं हसली, चांगली पोट धरून हसली. काय म्हणाले, असं मी विचारलं. शेजारी म्हणाला, “म्हणतेत, मग जिल्हा न्हाई झाला तरी चालंल, रेष तेवढी आमच्या हिरीवरून काढा.”

माझ्या तोंडावर कोणी शिवी दिली असती तर मी ती घेऊन निघालो असतो. हसल्यावर काय करायचं ते पत्रकात कधी शिकलो नव्हतो. त्यांनी मला चहा दिला, टँकरच्या पाण्याचा. गाडीवाल्याला नको म्हणून कळवलं. नारळ फोडलाच, आणलाय तर देवाचा तरी होऊ दे, म्हणाले. मलाही खोबरं दिलं.

परत येताना छापखान्यात गेलो. दुरुस्तीचं पत्रक लिहून नेलं होतं. तीनच वाक्यं होती: ‘पाणी हद्दीवर थांबत नाही. हद्द उघडी की बंद, ते आधी सांगा. अन्यथा नकाशा खोटं बोलतो.’ काकांनी वाचलं. त्यांचा पहिला प्रश्न होता की हे कुणी सांगितलं तुला. मग म्हणाले, चळवळीत दुरुस्तीचं पत्रक नसतं बापू. लातूरवाल्यांच्या हातात हे पडलं तर ते फ्रेम करून लावतील. मी म्हणालो, मग माझ्या नावानं छापा. “तुझं नाव कोण ओळखतंय?” ते म्हणाले. दुष्टपणानं नाही, खरं होतं ते. मी त्यांच्याशी भांडलो आणि त्या दिवसापासून त्यांची प्रुफं वाचणं सोडलं. जिल्ह्याची मागणी सोडली नाही. ती खरी आहे; नकाशा खोटा होता.

तो कागद माझ्या खिशात विष्णुपुरीला आला आणि लॅबच्या टेबलावर पडून राहिला. तिनं तो वाचलाय हे मला माहीत नव्हतं.

आठवड्यानं तिनं बेस क्लासमध्ये बदल केला. एकच. हद्द सांगितली नाही तर पडद्यावर जी ओळ यायची तिच्या जागी आता तीन वाक्यं येत होती, माझी, शब्दाला शब्द. ‘अन्यथा’सकट. मला दाखवून म्हणाली, “लई चांगलं लिहिलंयस. चालंल ना?” मी म्हणालो, चालंल. फाईलीच्या डोक्यावर माझं नाव टाकायचं का, हेही तिनं विचारलं. मला हवं होतं, इतकं हवं होतं की मी नको म्हणालो. तिनं दुसऱ्यांदा विचारलं नाही. विचारायला हवं होतं, असं मला अजून वाटतं.

पुढच्या वर्षी एका कामासाठी नांदेडला गेलो तेव्हा लॅबमध्ये डोकावलो. नवी बॅच जाळीवर काम करत होती. एका मुलीचा घटक थांबला आणि पडद्यावर ती तीन वाक्यं आली. तिनं ती मोठ्यानं वाचली, फाईलीच्या डोक्यावरचं नाव बघितलं आणि शेजारणीला म्हणाली, ताईंनी काय भारी लिहिलंय बघ.

शेजारणीनं माझ्याकडं बघितलं, मी पाहुणा म्हणून. मी म्हणालो, “हाव. भारी लिहितात त्या.”